नागपूरची दुपार

मे महिन्यात नागपूरला जायचे म्हटले, की पुण्यातले लोक आपल्याकडे ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने पूर्वी काशीयात्रेला निघालेल्या म्हाताऱ्यांकडे पाहत असावेत. ‘परत कधी येणार?’ असे कोणी विचारत नाही. ‘जायलाच हवे का?’ असे विचारतात. आमच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ तर मला जिन्यात गाठून म्हणाले, “खिशात कांदा ठेवा. सोललेला नको, अख्खा.” मला मात्र जाणे भागच होते. माझी थोरली बहीण गेली तीस वर्षे नागपूरकर आहे आणि तिच्या मुलीचे लग्न मेच्या ऐन मध्यावर निघाले होते. आपल्याकडे नवऱ्या मुलीच्या पाठीशी मामा उभा राहावाच लागतो. पारा कितीही चढो, मामाला सुटका नाही.

लग्नाच्या निमित्ताने आठ-दहा दिवस राहिलो. फावल्या वेळात शहर पाहावे म्हटले, तर फावला वेळ नेमका दुपारचा. आणि दुपारी नागपूर पाहायला मिळत नाही, ते मिटलेले असते. पण मिटलेले शहरसुद्धा पाहण्यासारखे असते, हे मला त्या मुक्कामात कळले.

सकाळी सातला गाडीतून उतरलो तेव्हाच फलाटावरची हवा अंगाला चिकटण्याऐवजी टोचू लागली. मी कपाळ पुसले, तशी भाऊजी हसून म्हणाले, “हे काहीच नाही. दहा वाजू द्या.” स्टेशनाबाहेर मात्र शहर कसे भरात होते! तर्री-पोह्यांच्या गाड्यांभोवती माणसांची कोंडाळी, भाजीबाजार गजबजलेला, इतवारीच्या गल्ल्यांत हमालांची लगबग. पुण्यात ज्या वेळी मंडळी चहाचा दुसरा कप घेत वर्तमानपत्र उलगडतात, त्या वेळी नागपूरकराची अर्धी कामे उरकलेली असतात. बँकेत जायचे तर उघडताक्षणी, दवाखान्यात जायचे तर त्याच्याही आधी. अकरा वाजले की रस्ता विरळ होऊ लागतो. बारा वाजता दुकानदार पुढचे शटर अर्धे ओढून घेतात. आणि मग साडेचार-पाचपर्यंत कोणीही न पुकारलेली एक संचारबंदी सुरू होते. तिला ना पोलीस लागतात, ना हुकूम. संध्याकाळी सहाला तीच माणसे पुन्हा बाहेर येतात. सीताबर्डीचा मेन रोड फुलतो, फुटाळा तलावाकाठी रात्री उशिरापर्यंत माणसे बसून असतात. उन्हाळ्यातला नागपूरकर एका दिवसाचे दोन छोटे दिवस करून जगतो.

या उन्हाचे आकडेही सांगतो. मे महिन्यातला नागपूरचा दुपारचा पारा सरासरीनेच ४२-४३ अंशांच्या घरात असतो. सपाट प्रदेशात पारा ४५ वर गेला, की हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करते. नागपूरला ते फारसे अप्रूप नाही. २३ मे २०१३ रोजी इथे ४७.९ अंशांची नोंद झाली. मे २०२४ मध्ये तर गंमतच झाली. शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. पुढे हवामान खात्याने यंत्रात दोष असल्याचा खुलासा केला. भाऊजींना मात्र तो खुलासा अजून पटलेला नाही. “यंत्राचा दोष कसला? ते बिचारे उन्हात उभे होते, त्याला जे वाटले ते त्याने सांगितले,” असे त्यांचे म्हणणे. मेच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नऊ दिवसांचा ‘नवतपा’ सुरू होतो. नागपुरात हा शब्द आपण पितृपक्ष म्हणावा तितक्या गांभीर्याने उच्चारतात. विदर्भातल्या शाळासुद्धा याच कारणाने उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात.

आता इतके ऊन इथेच का? नागपूर देशाच्या मध्यावर. झिरो माइलचा दगड बघायला आपण हौसेने जातो, पण त्याचा दुसरा अर्थ असा, की दोन्ही बाजूंचे समुद्र शेकडो मैल लांब आहेत. समुद्राचा वारा ना उन्हाळ्यात गारवा आणतो, ना ओल. हवा कोरडी ठणठणीत. हा कोरडेपणा शाप खरा, पण त्यातच एक उःशापही आहे. आपल्या कातडीचे तापमान साधारण ३५ अंश. बाहेरची हवा त्याहून तापली, की शरीराची उष्णता हवेत जाण्याऐवजी हवेची उष्णता शरीरात येऊ लागते. मग शरीरापाशी एकच उपाय उरतो : घाम. घाम वाळला तर अंग निवते. तो वाळलाच नाही, नुसता ओघळला, तर काही उपयोग नाही. नागपुरात घाम दिसतसुद्धा नाही, इतका चटकन वाळतो. म्हणूनच पाणी पीत राहिला तर माणूस निभावतो, आणि नाही प्याला तर त्याला कळायच्या आत कोसळतो.

कोकणपट्टीचे गणित याच्या उलट आहे. तिथे हवाच घामेजलेली, तर अंगावरचा घाम जाणार कुठे? १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर जो समारंभ झाला, त्यात उन्हाने चौदा जणांचा बळी घेतला. त्या दिवशी तिथला पारा चाळिशीलाही पोचला नव्हता. तेव्हा केवळ आकडा पाहून कोणी नागपूरकराने मुंबईकराला हसू नये.

कोरड्या हवेवर नागपूरने शोधलेले औषध म्हणजे कूलर. हे धूड घराघराच्या खिडकीत बसवलेले असते. तीन बाजूंना वाळ्याच्या नाहीतर लाकडी भुशाच्या जाळ्या, त्यांवर पाणी झिरपते, आणि आतला पंखा त्या ओल्या जाळ्यांतून हवा ओढून घरात सोडतो. पाणी वाळते तेव्हा हवेतली उष्णता घेऊन जाते. म्हणजे घरालाच घाम फोडायची ही युक्ती. ताईच्या घरी दुपारी वाळ्याचा वास दरवळू लागला, की झोप आपोआप येई. पण कूलरलाही पाणी लागते, आणि तेही नेमके पेंच-कन्हानच्या पाण्याची ओढ असते तेव्हाच. वीज लागते, ती जवळच कोराडी-खापरखेड्याला कोळसा जाळून तयार होते. घरे गार व्हावीत म्हणून शहराच्या वेशीवर भट्ट्या पेटत्या ठेवायच्या, असा हा व्यवहार आहे.

पूर्वीच्या साहेबाने याहून सोपा मार्ग काढला होता. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी. पण उन्हाळा लागला की सरकारच उठून पचमढीच्या डोंगरावर जाई. कारकून, दफ्तरे, शिक्के यांसह राज्यकारभार गार हवेत चाले. खाली राहत ते ज्यांच्यावर राज्य करायचे ते. बरे, त्यांचीही काही सोय होती. महालातले जुने वाडे पाहा : हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर कौले, मध्ये चौक, रस्ते अरुंद म्हणजे समोरच्या घराची सावली आपल्या दारात. रात्री गच्चीवर पाणी शिंपून अंथरुणे घालायची. आता वाड्यांच्या जागी सिमेंटच्या इमारती आल्या. सिमेंट आणि डांबर दिवसभर ऊन पोटात साठवतात आणि रात्रभर सावकाश परत देत बसतात. माझा भाचा पाचव्या मजल्यावर राहतो. त्याच्याकडे मध्यरात्री भिंतीला हात लावला, तर नुकत्याच उतरवलेल्या तव्याची आठवण झाली. दिवसाच्या उन्हापेक्षा ही रात्रीची धग वाईट. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री निवायला उसंत मिळाली नाही, तर दुसऱ्या दिवसाचे ऊन कालच्या उधारीवर चढते.

रस्त्यावर हिंडणाऱ्या माणसांचे वेगळेच शास्त्र आहे. नागपूरची मुलगी स्कूटरवर निघाली, की डोळ्यांखेरीज तिचे काही दिसत नाही. दुपट्टा डोक्यावरून, तोंडावरून असा कसून गुंडाळलेला, की सख्खा मामा समोर आला तरी ओळखू नये. चौकात लाल दिवा लागला, की वाहने पांढऱ्या पट्ट्यापाशी थांबत नाहीत. मागे वीस-तीस पावलांवर कडुलिंबाचे झाड असेल, तर सगळी तिथे दाटीने थांबतात आणि मधला रस्ता मोकळा राहतो. अलीकडे काही चौकांत हिरव्या जाळीचे मांडव घालण्याची आणि भर दुपारी सिग्नलच बंद ठेवण्याची पद्धत पडली आहे. कायद्याने सावलीपुढे केलेली ही तडजोड मला आवडली. २०१९ पासून मेट्रोही धावते आहे. पण स्टेशनापासून घरापर्यंतचा जो पाव मैल उरतो, तो चालणाऱ्याची परीक्षा घेतो.

आगगाडीलाही ऊन लागते, हे आपल्या लक्षात येत नाही. पोलाद तापले की वाढते. एक किलोमीटर लांबीचा रूळ मोकळा ठेवला आणि तो तीस अंशांनी तापला, तर जवळजवळ एक फूट दीड इंच लांब होईल. हल्लीचे रूळ सांधे जोडून सलग केलेले. त्यांना वाढायला जागाच नाही. म्हणून आतल्या आत ताण साठतो आणि एखाद्या ठिकाणी रूळ वाकडा होण्याची धास्ती असते. यासाठी रेल्वेची माणसे ऐन उन्हात रुळांवरून पायी गस्त घालतात. आपण वातानुकूलित डब्यात पडदा ओढून झोपलेलो असतो, तेव्हा खाली कोणीतरी हातोडा खांद्यावर टाकून आपल्यासाठी चालून गेलेला असतो.

उन्हाळा सगळ्यांच्याच पोटावर पाय देतो असे नाही. माठवाले, रसवंत्या, बर्फवाले, रस्त्याच्या कडेला टरबुजांचे ढीग मांडून बसलेले शेतकरी, कूलरच्या जाळ्या बदलणारे कारागीर यांची वर्षाची कमाई याच अडीच-तीन महिन्यांत होते. ताईकडे कूलर दुरुस्त करायला आलेला माणूस म्हणाला, “पावसाचा एक सडाका आला का आमचा सीझन बसला समजा.” सगळे शहर ज्या पावसाची वाट पाहते, त्याची याला धास्ती. पण याच्या दुसऱ्या बाजूला कितीतरी धंदे बसतात. दुपारचे गिऱ्हाईक नाही, म्हणून इतवारीतला छोटा दुकानदार माश्या मारतो. ऑटोवाला झाडाखाली ऑटो लावून मागच्या सीटवर पाय दुमडून झोपतो. फळवाल्याचा माल संध्याकाळपर्यंत मऊ पडतो, आणि सकाळच्या भावाच्या निम्म्यातही कोणी घेत नाही.

लग्नाच्या आदल्या दुपारची गोष्ट. मुहूर्त गोरजाचा होता, तसा तो इथे उन्हाळ्यात पुष्कळदा असतो. घरात पाहुणे दाटलेले, तीन कूलर घरघरत होते आणि मुलांना आइस्क्रीमची हुक्की आली. भाच्याने मोबाइलवर बोट फिरवले. वीस-पंचवीस मिनिटांत दारात एक पोरगा उभा. चेहरा दुपट्ट्याने गुंडाळलेला, डोळे लाल. आइस्क्रीम मात्र घट्ट होते. ताईने त्याला आत बोलावले, कूलरसमोर बसवले आणि कैरीच्या पन्ह्याचा मोठा पेला दिला. तो एका दमात प्याला. मी विचारले, “अरे, एवढ्या उन्हात कशाला फिरतोस? संध्याकाळी काम कर की!” त्यावर तो हसला. म्हणाला, “दुपारीच तं ऑर्डरा जास्त येते ना मामा. लोक बाहेर निघत नाही, म्हणून तं आमाले निघा लागते.”

तो गेला, आणि माझ्या हातातले आइस्क्रीम वितळू लागले. इतके दिवस माझी समजूत अशी, की ऊन माणसांचे हिंडणे थांबवते. त्या पोराने एका वाक्यात सांगितले, की हिंडणे थांबत नाही. ते एकाच्या पायांवरून दुसऱ्याच्या पायांवर जाते. सरकार पचमढीला जायचे, तेव्हाही टपालाच्या थैल्या घेऊन कोणीतरी घाट चढतच असणार. आज आपण आपापल्या बैठकीच्या खोलीचीच पचमढी केली आहे, एवढाच फरक.

लग्न पार पडल्यावर एका पहाटे फिरायला निघालो, तो मजुरांच्या ठिय्याशी पोचलो. चौकाच्या कडेला शे-दीडशे माणसे, बाया, डबे, घमेली. कोणी गवंडी, कोणी बिगारी. मुकादम येतो, बोटाने माणसे मोजतो आणि घेऊन जातो. नऊच्या आत कोणी नेले नाही, तर त्या दिवसाची चूल थंड. एक जण म्हणाला, की काही ठेकेदार आता सहाला काम लावतात, अकराला सोडतात आणि पुन्हा चारला बोलावतात. मला ते शहाणपणाचे वाटले आणि मी तसे म्हणालो. तेवढ्यात शेजारची एक बाई तोडून बोलली, “आन मंधात कुठं बसाचं जी? घर हाये दोन कोसावर. सावली नाही, पाणी नाही. आन कोणी कोणी तं त्या पाच घंट्यायचा रोज बी कापते.” तिच्या कडेवर दीड वर्षाचे मूल होते आणि त्याच्या कानांवरून ओले फडके बांधलेले होते.

या बाईचे म्हणणे जगाच्या हिशेबातही उतरले आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा २०१९ चा एक अहवाल सांगतो, की ३३-३४ अंशांत मध्यम मेहनतीचे काम करणाऱ्याची कामाची ताकद निम्म्यावर येते. उष्णतेमुळे भारतातले कामाचे तास १९९५ साली ४.३ टक्के बुडाले. २०३० साली ते ५.८ टक्के बुडतील, म्हणजे ३ कोटी ४० लाख माणसांचे पूर्ण वेळेचे काम वाया जाईल, असा त्यांचा अंदाज आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत याला उत्पादनाची हानी म्हणतात. ठिय्यावरच्या भाषेत त्याला ‘रोज बुडला’ म्हणतात. पहिला शब्द देशाच्या खात्यावर पडतो, दुसरा एका घराच्या चुलीवर.

उपाय नाहीत असे नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला, आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे पुढे अभ्यासकांनी मोजले. शहर हादरले आणि २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेशी सामना करण्याची रीतसर योजना आखली : आगाऊ इशारा, दवाखान्यांची तयारी, पाणपोया, गरीब वस्त्यांतली छपरे पांढऱ्या चुन्याने रंगवणे. नागपूरनेही २०१६ मध्ये तोच रस्ता धरला. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये उभी केलेली ‘सेवा’ ही कष्टकरी स्त्रियांची संघटना. तिने आपल्या सभासद बायांसाठी उन्हाचा विमा काढला आहे. पारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, की बुडलेल्या रोजाबद्दल थोडी रक्कम हाती पडते. आखातात कुवेत-कतारसारख्या देशांत उन्हाळ्यात दुपारच्या ठराविक तासांत उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानेच मनाई आहे. त्या बाईच्या तक्रारीत तर संपूर्ण योजनाच होती : बसायला सावली, प्यायला पाणी, आणि विसाव्याचे तास न कापणारी मजुरी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी आपले पूर्वज धर्म म्हणून करीत. रस्त्याकडेला झाडे लावीत, पाणपोई घालीत. तिसरी कायद्यानेच यायला हवी.

निघायच्या दिवशी ताईच्या दाराबाहेर एक नवा माठ दिसला. वाळूवर बसवलेला, वर ओले फडके आणि साखळीने बांधलेला पेला. “हा कशाला?” मी विचारले. ताई म्हणाली, “त्या पोराला आत बोलावलं, तर तो संकोचला होता रे. सगळेच कुठे आत येतात? बाहेर असला म्हणजे मागावं लागत नाही.” त्यानंतरचे सगळे उन्हाळे तो माठ तिथेच आहे. भाऊजी त्यात रोज सकाळी दोन कळशा पाणी ओततात आणि संध्याकाळी तो रिकामा होतो. त्यांनी हिशेब ठेवलेला नाही. पण सोसायटीचा रखवालदार सांगतो, की उन्हाळ्यात दुपारी या दाराशी एक तरी सायकल नाहीतर स्कूटर उभी असतेच.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा पहाटेच्या अभ्यंगस्नानाला कढत पाणी हवेसे वाटत असेल. फराळाच्या ताटाशेजारी नागपूरची संत्री असतील. अशा वेळी उन्हाच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. पण झाडे लावायची ती पावसात, छपराला चुना लावायचा तो होळीच्या सुमारास, आणि कुंभाराला माठ सांगून ठेवायचा तो थंडीत. ऊन आले म्हणजे काही करता येत नाही, तेव्हा फक्त खिडक्या लावून घेता येतात. आणि खिडक्या लावल्या, तरी दाराशी कोणीतरी आलेलेच असते.